सतरा नंबरच्या दोन आया

“दोन आयांचं दूध पिलायस लेका, तू न्हाई फुगनार तर कोन फुगनार?”

वजनाच्या पिंजऱ्यापलीकडून हे वाक्य आलं आणि माझ्या पेन्सिलचं टोक रजिस्टरवर मोडलं.

बोलणारा मारुती होता. ऐकणारा सतरा नंबरचा खोंड. मारुतीच्या समजुतीप्रमाणे आमच्या फार्मवर मराठी कळणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि खोंडाकडून बातमी फुटायची भीती नव्हती.

“फोर सेव्हन्टी!” मिस्टर रीड काट्याजवळून ओरडले. “मिस, ऐकताय ना? फोर सेव्हन्टी!”

मी मोडक्या टोकाने ४७० लिहिलं. ऐकलं तर मी दोन्ही होतं.

आमचा फार्म कतारच्या उत्तरेला, दोह्याहून शमालकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटलेल्या एका कच्च्या वाटेवर होता. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अगदी शेवटची. मालक कतारी. त्यांना सगळे अरबाब म्हणत, म्हणजे धनी. खजुरीची झाडं, लसूणघासाची वावरं आणि बकऱ्या त्यांच्या वडिलांपासून होत्या. मांसासाठी गाईंचा कळप पाळणं ही मात्र त्यांची स्वतःची हौस. त्यासाठी ऑस्ट्रेलियाहून जहाजाने साठ गाई आणल्या होत्या आणि कळप सांभाळायला स्कॉटलंडहून मिस्टर रीड. गाई संकरित होत्या, अर्ध्या शॉर्टहॉर्न आणि अर्ध्या ब्राह्मन. ही ब्राह्मन जात अमेरिकेत तयार झाली, पण तिचं मूळ आपल्याकडच्याच गाईंमध्ये आहे. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबत्या कातडीची पोळी, उन्हाला चिवट.

मी रीडची रेकॉर्ड असिस्टंट. मुंबईत झूऑलॉजी घेऊन बीएससी केलं आणि आईबाबांकडे दोह्याला आले. बाबा तेल कंपनीत होते. त्यांच्या ओळखीतून ही नोकरी मिळाली. जन्म, वजन, आजार, मृत्यू, सगळं वहीत लिहायचं. आईने दोह्यातल्या मराठी घरांत “आमची सुलभा डेअरीत आहे” असं सांगून ठेवलं होतं. एकदा एका काकूंनी मला श्रीखंडासाठी चक्का मिळेल का विचारलं. मी “बघते” म्हणाले. जनावरांच्या जातीचं नाव तर मी घरी कधीच काढलं नाही.

माझी शाळा आणि कॉलेज दोन्ही इंग्रजीतून. घरी मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं, अशी सवय. मारुती माणदेशातला. त्याचं बोलणं मला सगळं कळायचं, पण आपण तोंड उघडलं तर हसं होईल असं वाटायचं. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि आता कुठल्या तोंडाने सांगायचं असं होऊन बसलं. चार महिने झाले होते. तो मला मिसबाई म्हणायचा, माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा आणि माझ्यासमोर मराठीत वाटेल ते पुटपुटायचा.

मारुती ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हणून आला होता. दोन वर्षांत आख्खा गोठा त्याच्या हातात आला, कारण ट्रॅक्टर कुणालाही चालवता येत होता, पण बिथरलेली गाय फक्त त्यालाच आवरता यायची. कत्तलखान्याचा ट्रक यायचा त्या दिवशी तो फार्मच्या दुसऱ्या टोकाचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला जायचा. तो पंप तसा बरा चालायचा.

आता वजनाच्या दिवसाबद्दल. गाय वर्षाला एक वासरू देते. वळू एका हंगामात तीस वासरांचा बाप होतो. त्यामुळे गाय चुकीची निवडली तर एक वासरू बिघडतं, वळू चुकीचा निवडला तर आख्खी पिढी. आम्हाला आमच्याच कळपातल्या नऊ खोंडांतून एक वळू निवडायचा होता. उरलेले आठ ट्रकमध्ये जाणार होते. मधला मार्ग नव्हता. मांसाचा कळप म्हणजे हेच, आणि ते मी पहिल्या महिन्यातच समजून घेतलं होतं. समजून घेणं आणि बघणं यात फरक असतो, पण तो माझा प्रश्न.

रीडची पद्धत शिस्तीची होती. आधी पाय बघायचे. वाकडे पाय असलेला वळू वर्षभरात लंगडतो. मग खूर, डोळे, स्वभाव. मग टेपने एक माप घ्यायचं. त्याचा आकडा रीड अंगणभर ऐकू जाईल असा ओरडायचे आणि मी मान खाली घालून लिहायची. रकान्याचं नाव एस. सी. पूर्ण नाव मी तेव्हा कधी लिहिलं नाही आणि इथेही लिहीत नाही. वळू किती गाई गाभण करू शकेल याचा अंदाज त्यावरून येतो, एवढं वाचकांना पुरे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दूध तोडतानाचं वजन. वासरू साधारण सात महिन्यांचं झालं की त्याला आईपासून वेगळं करतात. त्या दिवशीच्या वजनावरून दोन गोष्टी कळतात. वासराच्या अंगात वाढ किती आहे आणि आईला दूध किती आहे. दोन्ही पुढच्या पिढीत उतरतात, म्हणून त्या आकड्याला मान. बाकीच्या खोंडांचे आकडे दोनशेच्या आसपास होते. सतराचा होता दोनशे साठ.

रीडनी तो आकडा लाल शाईने गोल केला होता. अरबाबनी तो आपल्या सगळ्या भाऊबंदांना सांगितला होता. सतरा दिसायचाही तसाच. लालसर तपकिरी, चमकदार, मानेवर गादी असावी असं वशिंड. तो चालत आला की बाकीचे बाजूला व्हायचे.

पण तो आकडा एका आईच्या दुधाचा असेल तरच खरा. दोन क्लास आणि घरी मास्तर लावून पहिला आलेला मुलगा हुशार असेलही, पण त्याची मुलं हुशार निघतील असं मार्कांवरून म्हणता येत नाही. क्लास पुढच्या पिढीत उतरत नाही. दुसऱ्या गाईचं दूधही उतरत नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी जुनी रजिस्टरं काढली. सतराची खरी आई साधी गाय होती. तिची आधीची दोन वासरं यथातथाच. मग मी दूध तोडल्यानंतरचे महिने बघितले. इथे मला एक खोंड सापडला ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. तेवीस नंबर. फिकट राखाडी, कान जरा मोठे, फोटोत कोपऱ्यात उभा राहणारा. दूध तोडताना तो सतरापेक्षा चौसष्ट किलोंनी मागे होता. तेरा महिन्यांनी फक्त पंधरा किलोंनी. म्हणजे स्वतःच्या तोंडाने खायची वेळ आल्यावर दर महिन्याला तो सतरापेक्षा जास्त वाढत होता.

माझ्याकडे आणखी एक वही होती, ती माझी खासगी. ऑगस्टमध्ये दुपारी तीन वाजता मी खोंडांचे श्वास मोजायची. कुशीकडे बघायचं, ती एकदा खालीवर झाली की एक. मिनिटाला किती ते लिहायचं. जनावराला ऊन सोसत नसेल तर श्वास वाढतो. सतराचे एकशे दहाच्या वर जायचे. तो सावलीत जीभ बाहेर काढून उभा राहायचा. तेवीस सत्तरच्या घरात. तो उन्हात जाऊन गव्हाणीतलं खायचा. रीडनी एकदा विचारलं होतं, “मिस, तुम्ही रोज त्यांच्याकडे टक लावून काय बघता?” मी “काही नाही” म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती गव्हाणीत घास टाकत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. वाक्य मी गाडीत दोह्यापासून घोकत आले होते.

“मारुतीकाका, सतराची दुसरी आई कोणती?”

त्याच्या हातातला भारा खाली पडला. तो सावकाश वळला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“आगं आयायाया. तू मराठी हाईस?”

“येस. म्हणजे, हो.”

“म्या समजलो गोव्याची किरिस्ताव.”

“नाही. नाशिकचे आम्ही.”

“आन् चार म्हैनं गप ऐकत हुतीस?”

“हो.”

तो चार महिने मनातल्या मनात उलटे मोजत होता हे मला दिसत होतं. “तुज्या टोपीला कोंबड्याचं डालगं म्हनलो, त्ये?”

“ऐकलं.”

“सायबाला लाल बोका म्हनलो?”

“तेही.”

“सांगितलंस त्येला?”

“नाही.”

“मग असू दे,” तो म्हणाला आणि भारा उचलला. तो गव्हाणीत मोकळा केला. मग त्याने मानेनेच पलीकडच्या आवारातली एक गाय दाखवली. पांढऱ्या तोंडाची, एकेचाळीस नंबर.

“हिचं वासरू मागल्या साली जूनात उन्हानं ग्येलं. तीन दिस हंबरली. कास दगडावानी झाली. सायेब म्हनला, आटवा तिला. म्हंजी तिला वैरन कमी टाकायची, आन् ती वरडली तरी बगायचं न्हाई. आमच्यात न्हाई असं करत. जिचं वासरू जातं तिला दुसरं लावत्यात. तिच्या जिवाला थंडावा, वासराचं प्वाट भरतं. ह्यो सतरा तवा लई खादाड. कुनाच्याबी कासंला तोंड घालायचा. मंग लावला.”

“तिने घेतलं त्याला?”

“पैल्या दिशी लाथ मारली. दुसऱ्या दिशी चाटाया लागली.”

“आणि साहेब?”

“सायेब जुलैत रजेवर, तिकडं थंडाव्याला. आला तवा त्येनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. सकाळी लवकर पाजायचो.”

मी सगळं गोळा करून माझं म्हणणं मांडायचा प्रयत्न केला. मराठीत “वेट गेन” आणि “हेरेडिटी” यांना काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. मी हातवारे केले. मारुतीने मला मध्येच थांबवलं.

“त्ये मला शिकवू नगंस, पोरी. माज्या बानं खिलारं पाळली. खोंड निवडायचा तर त्येची आय बगायची, ह्ये मला कळतं. त्येवीस चांगला हाय. पाय बग त्येचं, खांबावानी. ऊन खातंय ते जनावर.”

“मग साहेबांना सांगू या.”

“आन् सतरा?”

मी खाली पडलेली घासाची काडी उचलून गव्हाणीत टाकली.

“सायेब काय, वरडंल आन् गार हुईल,” मारुती म्हणाला. “पर वळू न्हाई झाला तर सतरा टरकात जातो. म्या पाजून वाढवलाय त्येला. माज्या हातचं मीठ चाटून मोठा झालाय. तू नगं सांगू.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

शब्द दिला खरा, पण वहीत जे दिसत होतं ते डोळ्यांसमोरून जाईना. म्हणून मी अर्धी गोष्ट सांगायची ठरवली. त्याच दुपारी रीडच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे पोर्टा केबिन, एक खडखडणारा एसी आणि पुस्तकांचं एक शेल्फ. मी तेवीसच्या वजनांचा कागद पुढे ठेवला. श्वासांची वहीसुद्धा.

रीडनी चष्मा लावून दोन्ही बघितलं. त्यांना आकडे आवडायचे. “इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. “पण दूध तोडतानाचे चौसष्ट किलो कुठे गेले? तो फरक खोटा आहे का?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“मिस, सतरा अजूनही सगळ्यात मोठा आहे. मोठा तो मोठा. शिवाय अरबाबनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी त्यांना असा राखाडी, कानाळू प्राणी दाखवू? कारण तो कमी धापा टाकतो?”

“नो, सर,” मी म्हणाले आणि कागद उचलला. दारात पोचल्यावर मला तीन चांगली उत्तरं सुचली. ती मी गाडीत बसून स्वतःला दिली.

गुरुवारी दुपारी अरबाब आले. नोव्हेंबर होता, हवा सुखावणारी. त्यांनी आवाराबाहेर चटई टाकायला लावली, कॉफीची सुरई आणि खजूर मधे ठेवले. सगळ्यांना बसायला सांगितलं, मलाही. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी मोत्यांचा व्यापार होता. लहानपणी काही वर्षं तिथे गेल्यामुळे त्यांना हिंदी छान यायचं, तेही जुन्या मुंबईचं. मला ते बिन्त म्हणत, म्हणजे मुली. मी चटईच्या अगदी कडेला, रजिस्टर मांडीवर घेऊन बसले.

मारुतीने एकेक खोंड फिरवून नेला. सतराला शेवटी आणलं. त्याला सकाळी धुतलं होतं, खुरांना तेल लावलं होतं, शेपटीचा गोंडा विंचरला होता. नवरदेवाला एवढं करत नाहीत. मारुतीने ते का केलं ते मला कळत होतं. तो त्याला ट्रकपासून लांब नेत होता.

“माशाल्ला,” अरबाब म्हणाले. “रीड, यही ना?”

“यस, सर. द बेस्ट वी हॅव.”

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण अरबाब निवांत होते आणि निवांत माणूस गप्पा मारतो. त्यांनी मारुतीकडे हात केला.

“मारुती, तू बोल. तेरे गाँव में, तेरे अपने घर के लिए ले जाना होता, तो कौन सा ले जाता? सच बोल.”

प्रश्न सहज होता. उत्तर आधीच ठरलेलं होतं. मारुतीने फक्त मान हलवायची होती. तो सतराची दोरी धरून उभा राहिला. एक हात त्याच्या वशिंडावर होता. त्याने सतराकडे बघितलं, मग पलीकडे कोपऱ्यात एकटाच घास खात उभ्या असलेल्या तेवीसकडे बघितलं. मला वाटलं, म्हणा हो, काका, सतरा म्हणा. त्या क्षणी मला कळप, पुढची पिढी, काही आठवत नव्हतं.

“तेईस, अरबाब,” तो म्हणाला.

“व्हॉट?” रीड म्हणाले. एवढं हिंदी त्यांना कळायचं.

“घर के वास्ते पूछा तो झूठ नहीं बोलेगा, अरबाब. ये सतरा दो गाय का दूध पिया है. मैंने पिलाया. एकतालीस का बच्चा मर गया था, वो बहुत रोती थी. ये फुग गया है दूध से. तेईस अपनी ताकत से बढ़ा है.”

मी ते रीडना इंग्रजीत सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं. त्यांचा चेहरा आधी लाल होता, तो आणखी लाल झाला. “माझी वीनिंग वेट्स, दूध तोडतानाची वजनं!” ते ओरडले. “वर्षभर मी त्या आकड्यावर प्रेम केलं! मॅरोटी, यू...” पुढचे शब्द स्कॉटिश होते आणि ते मी कोणालाच भाषांतर करून सांगितले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी रजिस्टरमधून काढून तेवीसच्या वजनांचा कागद आणि श्वासांची वही दिली. ते चटईवर बसून वाचत राहिले आणि हळूहळू निवळले. आकड्यांनी त्यांचा राग नेहमी उतरायचा.

अरबाब हसत होते. गाय रडते म्हणून तिला दुसरं वासरू लावण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्याकडे उंटिणीचं पिल्लू गेलं की तिलाही असंच दुसरं लावतात, असं त्यांनी रीडना समजावून सांगितलं. फक्त त्यांच्याकडे वजन कोणी लिहीत नाही.

“खलास,” ते म्हणाले. “तेईस रहेगा. और सतरा...” त्यांनी एक खजूर उचलला. “मेरे चाचा के लड़के की शादी है अगले महीने. इन्शाल्ला, उसमें काम आएगा.”

मारुतीने खिशातून ब्रश काढला आणि सतराची पाठ घासायला लागला. ती आधीच स्वच्छ होती. ब्रश एकाच जागी फिरत राहिला.

निवडलेला वळू कळपातल्या अर्ध्याच गाईंसाठी होता. आता उरलेल्या अर्ध्या गाईंबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. त्यांना वळू दाखवत नसत. त्यांच्यासाठी परदेशातून गोठवलेलं वीर्य यायचं, वाफाळणाऱ्या नायट्रोजनच्या फ्लास्कमध्ये, काडीएवढ्या नळ्यांत. अडचण एकच. गाय माजावर असते ते काहीच तास, आणि नळी त्याच वेळात वापरावी लागते. आमच्याकडच्या उकाड्यात गाई माज दाखवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. भल्या सकाळी थोडी अस्वस्थता, की संपलं. आम्हाला ते ओळखता यायचं नाही. आदल्या हंगामात निम्म्या नळ्या वाया गेल्या होत्या आणि रीड त्याबद्दल रोज कुरकुरायचे.

गाय माजावर आहे हे माणसाला कळत नसलं तरी वळूला कळतं. पण मोकळा वळू सोडला तर तो नुसता ओळखून थांबणार नाही. यावर उपाय रीडच्याच शेल्फवरच्या पुस्तकात होता. एक छोटं ऑपरेशन करतात. वळू दिसतो तसाच राहतो, वागतो तसाच वागतो, फक्त त्याच्यापासून वासरं होत नाहीत. त्याच्या हनुवटीखाली रंगाची डबी बांधून कळपात सोडतात. ज्या गाईच्या पाठीवर सकाळी रंग दिसेल ती माजावर. या कामाला आडदांड, हौशी आणि माणसाळलेला वळू लागतो. नऊ खोंडांत हे तिन्ही गुण असलेला एकच होता, आणि तो माझ्यापासून पाच पावलांवर ब्रश करून घेत होता.

हे सगळं त्या चटईवर बसल्याबसल्या माझ्या डोक्यात जुळलं. सांगायचं मात्र कसं? एका बाजूला अरबाब, एका बाजूला रीड, समोर मारुती, आणि मी बावीस वर्षांची, जिने त्या रकान्याचं पूर्ण नावसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

निकाल आधी सांगून टाकते. तेवीसने त्या हंगामात एकोणतीस गाई गाभण केल्या. त्याची वासरं जन्मताना हलकी होती, त्यामुळे पहिलटकरणींना त्रास झाला नाही, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती उन्हात चरली. सतराचं ऑपरेशन दोह्याहून आलेल्या सुदानी डॉक्टरांनी पाऊण तासात केलं. मारुती पूर्ण वेळ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि डॉक्टरांना सूचना देत होता. सतराने पुढची पाच वर्षं निळी हनुवटी घेऊन मजेत नोकरी केली. नळ्या वाया जायचं जवळजवळ थांबलं. अरबाब पाहुण्यांना आधी त्यालाच दाखवायचे. चाचांच्या मुलाच्या लग्नाला दुसरे खोंड गेले. ते आठात होतेच, त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही.

मी अजून याच कामात आहे. शिकले ते एवढंच की जनावराबद्दलची खरी माहिती बहुतेक वेळा रजिस्टरबाहेर असते आणि ती ज्याच्याकडे असते त्याला कोणी विचारत नाही. म्हणून नवीन रजिस्टर आखताना मी “दूध कोणाचं” असा रकाना घालते आणि तो भरायला गोठ्यातल्या माणसाला बोलावते.

पण त्या गुरुवारी अरबाब चटईवरून उठायला लागले होते. मी रीडकडे वळून इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. “स्पीक अप, मिस,” ते म्हणाले. पुस्तकातला शब्द चारचौघांत उच्चारायला मी धजावले नाही. मी अरबाबकडे बघितलं, त्यांनी भुवया वर केल्या. शेवटी मी मारुतीकडे बघितलं. आपल्याकडे आणीबाणीत एक शब्द लहानथोर सगळ्यांना माहीत झाला होता, परदेशी पेपरांतही छापून आला होता आणि घराघरांत तो आवाज खाली करूनच बोलला जायचा. मी उभी राहिले. रजिस्टर छातीशी धरलं होतं. आवाज मला वाटला त्यापेक्षा खूप मोठा निघाला, आणि वाक्य मराठीत असूनही तिघांनाही समजलं.

“मारुतीकाका, ट्रकचं राहू द्या, आपण सतराची नसबंदी करू!”